अमेरिकेतल्या एम्स गावात पोस्टडॉक मिळतंय, कुटुंबासह जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जालन्याच्या एका ताईंनी वनस्पती रोगशास्त्रात पीएच.डी. केली आहे. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत मक्याच्या रोगांवर पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या मुदतीच्या संशोधनाची, जागा मिळते आहे. गाव एम्स, अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं. यजमान पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, मुलगी चार वर्षांची. त्या विचारतात, "एवढ्याशा गावात आमचा निभाव लागेल का? यांच्या नोकरीचं काय? गाडी लागतेच का? आणि थंडी लोक सांगतात तेवढी खरंच असते का?"

ताई, मी एम्सला २००८च्या जानेवारीत आलो. पोस्टडॉक माझ्या बायकोला मिळालं होतं, मला काहीच मिळालं नव्हतं. राहुरीची एम.एस्सी. आणि एका बियाणे कंपनीतली पाच वर्षं गाठीशी होती, आणि इथे आल्यावर पहिले काही महिने माझं मुख्य काम दुपारी खिडकीतून बर्फ बघणं हे होतं. आज त्याच युनिव्हर्सिटीत मातीच्या एका प्रयोगशाळेचं रोजचं कामकाज माझ्याकडे आहे आणि दर वर्षी दोन-तीन नवी कुटुंबं विमानतळावरून घरी आणायचं कामही आपोआप माझ्याकडे आलंय. म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलतो. तुमचा निभाव लागणारच आहे. पहिल्या दिवशी तुम्हाला टेबल मिळेल, ओळखपत्र मिळेल, लॅबची चावी मिळेल, आणि हे सगळं गावच त्या चावीभोवती वसलेलं आहे. तुमच्या यजमानांना चावी मिळणार नाही. इतक्या वर्षांत मुदतीआधी परत गेलेली जी कुटुंबं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचं लॅबमधलं काम छान चाललं होतं; घरात बसलेल्या माणसाचं चाललं नव्हतं. त्यामुळे निर्णय त्यांच्या बाजूने सुरू करा.

त्याची सुरुवात व्हिसापासून होते. जे-१ (देवाणघेवाणीचा व्हिसा) की एच-१बी (नोकरीचा व्हिसा), हे प्रोफेसरांना आजच विचारा. तुम्ही जे-१ वर आलात तर यजमान जे-२ वर येतात, आणि जे-२ ला इथे उतरल्यावर कामाच्या परवानगीचा अर्ज करता येतो. परवानगीचं कार्ड हातात आलं की कुठल्याही मालकाकडे नोकरी करता येते. अट एवढीच की ती कमाई तुमच्या स्वतःच्या खर्चासाठी वापरायची नसते. तुम्ही एच-१बी वर आलात तर ते एच-४ वर येतील, आणि तुमच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० हा अर्ज मंजूर होईपर्यंत त्यांना कायद्याने एक डॉलरही कमावता येणार नाही. शिवाय सप्टेंबर २०२५च्या आदेशाने अमेरिकेबाहेरून येणाऱ्या माणसाच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं. पोस्टडॉकसाठी एवढे पैसे कुठला विभाग मोजणार?

आता गावाकडचे आणि इथलेही जुने लोक तुम्हाला सांगतील की जे-१ घेऊ नका, दोन वर्षं परत भारतात राहावं लागतं. तो सल्ला आमच्या काळात बरोबर होता. भारताचं नाव अमेरिकेच्या कौशल्य-यादीत (कुठल्या देशाला कुठल्या विषयांची माणसं परत हवीत त्याची यादी) होतं आणि बऱ्याच शास्त्रज्ञांवर ही अट त्या यादीमुळे बसायची. ९ डिसेंबर २०२४ पासून भारत त्या यादीतून वगळला गेला. आता ती अट मुख्यतः तुमचा पैसा थेट सरकारी फेलोशिपमधून येत असेल, फुलब्राइटसारखा, तर लागते. तेव्हा पगार कुठून येतो ते लेखी विचारा, आणि व्हिसाचा शिक्का हातात आला की त्यावरची ओळ वाचा, कारण अट लागू आहे की नाही ते तिथे छापलेलं असतं आणि लोक फोटो कसा आलाय ते बघत बसतात.

अजून एक गोष्ट, कारण ती प्रत्येक सॉफ्टवेअरवाला विचारतो: "पुण्याची नोकरी तिथून रिमोट चालू ठेवली तर? पगार तर पुण्यातच जमा होतो." असं करणारे लोक आहेत. पण अमेरिकेच्या भूमीवर बसून केलेलं काम ते काम, पगार कुठल्याही बँकेत जावो. कार्ड येईपर्यंत बिनपगारी रजा मिळते का बघा. कार्डाला काही महिने लागतात, त्या महिन्यांचा हिशेब आधीच धरून या.

कार्ड आल्यावर नोकरी एम्समध्येच मिळेल असं नाही. गावात काही सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. वर्किव्हा इथलीच, २००८ मध्ये सुरू झालेली. युनिव्हर्सिटीच्या रिसर्च पार्कमध्येही थोड्या जागा निघतात. पण खरी बाजारपेठ डे मॉइनमध्ये, गाडीने पाऊण तास दक्षिणेला. ते विम्याचं आणि बँकांचं शहर आहे, आणि विम्याच्या जुनाट प्रणाली तपासायला टेस्टर लागतात. शिवाय ट्रॅक्टरवाली जॉन डिअर आहे, शेजारच्या जॉन्स्टनला बियाण्यांची कोर्टेव्हा आहे. रोज पाऊण तास जाणं-येणं हे हिंजवडीला जाणाऱ्या माणसाला सुख वाटेल. पण त्यासाठी गाडी हवी, आणि तुम्हालाही हवी, आणि तिथून दोन गाड्यांचा हिशेब सुरू होतो.

माझं काय झालं ते सांगतो, कारण यजमानांना ते वाचायला द्या असं माझं म्हणणं आहे. कार्ड यायला चार महिने लागले. मग मे महिन्यात बायकोच्या ओळखीने मक्याच्या प्लॉटवर ताशी पगाराचं काम मिळालं. तुऱ्यांवर कागदी पिशव्या चढवायच्या, कणसांवर छोट्या पिशव्या, परागकण झाडायचे, तारीख लिहायची, पुढच्या ओळीत जायचं. माझ्याबरोबर एकोणीस-वीस वर्षांची पोरं होती. मी एम.एस्सी. आणि हाताखाली सहा माणसं असलेला अधिकारी होतो, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तरी काही फरक पडला नसता. जुलैच्या उकाड्यात मक्याची पाती मानेला कापतात, घाम त्यात झोंबतो. पहिल्या आठवड्यात मी घरी येऊन बायकोशी बोललोच नाही. पण याच कामामुळे ऑगस्टमध्ये एका प्रोफेसरांनी विचारलं, "लेबलं इतकी नीट कुणी लिहिलीत?" आणि पुढची नोकरी तिथून निघाली. इथे शेतात काम करणं कमीपणाचं धरत नाहीत. गावातली चौदा-पंधरा वर्षांची मुलं उन्हाळ्यात बियाण्याच्या मक्याचे तुरे काढायला जातात, डॉक्टरांची मुलंसुद्धा. जालन्यात बियाण्यांच्या प्लॉटवर हेच काम कोण करतं ते तुम्हाला माहीत आहे. तो फरक पचवायला मला एक हंगाम लागला.

आता गाव. अमेरिका म्हटलं की आपल्याकडे न्यू जर्सी किंवा बे एरिया डोळ्यासमोर येतं, कारण नातेवाईक तिथे असतात. एम्सची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ६६,४२७ होती आणि त्यात तीस हजारांच्या आसपास विद्यार्थी धरा. जालना शहराच्या पाव हिश्श्याएवढं गाव. चारही बाजूंना मका आणि सोयाबीन, फूटपट्टीने आखल्यासारखं. गावाच्या मधून मालगाड्या दिवसरात्र धडधडत जातात, प्रवासी गाडी एकही थांबत नाही. विमानतळ डे मॉइनचा, तोही छोटा; मुंबईहून येताना शेवटचा टप्पा शिकागोहून किंवा डॅलसहून. मिनिआपोलिस साडेतीन तास, शिकागो साडेपाच-सहा.

हे गाव पंचांगावर चालतं, फक्त पंचांग युनिव्हर्सिटीचं असतं. ऑगस्टच्या मध्यावर एका आठवड्यात गाव दुप्पट होतं. मेच्या मध्यावर पदवीदान झालं की एका शनिवार-रविवारात रिकामं होतं, आणि मग जूनमध्ये लिंकन वे या मुख्य रस्त्यावर तुम्ही गाडी हवी तशी वळवू शकता. फुटबॉलचा घरचा सामना असला की ६१,५०० माणसं मावणाऱ्या जॅक ट्राइस स्टेडियमकडे सगळे रस्ते वाहतात. त्या शनिवारी किराणा आणायला निघू नका, आणि आई-बाबांच्या भेटीसाठी हॉटेल लागणार असेल तर सामन्यांचं वेळापत्रक आधी बघा. गणपती नेमके याच दिवसांत येतात. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, आणि एका वर्षी विसर्जनाच्या दिवशी सामना होता. बादलीतलं विसर्जन, पण आरतीला यायला निघालेली माणसं दीड तास गाडीत अडकली. मोदक गार झाले.

या पंचांगाचा सगळ्यात मोठा फटका घराला बसतो. एम्समधली बहुतेक भाड्याची घरं १ ऑगस्ट ते ३१ जुलै अशा कराराने जातात. त्याहून वाईट म्हणजे करार पुष्कळदा आदल्या हिवाळ्यातच होऊन जातात. तुम्ही जानेवारीत येऊन घर शोधलंत तर उरलेसुरले मिळेल. आणि जुलैच्या शेवटच्या दिवशी अर्धं गाव जुन्या घरातून बाहेर पडलेलं असतं आणि नव्यात शिरलेलं नसतं. पोरं गाडीत गाद्या बांधून एक रात्र मित्राच्या फरशीवर काढतात. रस्त्याकडेला सोफे, टेबलं, दिवे टाकलेले असतात. हे सगळं कचऱ्यात जाऊ नये म्हणून त्या दिवसांत गावात 'रमेज रॅम्पेज' नावाची विक्री भरते. टाकाऊ ठरलेलं सामान एका पार्किंग इमारतीत आणून किरकोळ दरात विकतात आणि पैसा गावातल्या सेवाभावी संस्थांना जातो. माझं पहिलं खरं जेवणाचं टेबल रस्त्याकडेचं होतं, तेव्हा ही विक्री सुरू झालेली नव्हती. तुम्ही विक्रीतून घ्या, त्यात ढेकूण तपासायचे एवढं लक्षात ठेवा. गादी मात्र नवीच.

कुटुंबासाठी युनिव्हर्सिटीची स्वतःची घरं आहेत, शिलेटर-युनिव्हर्सिटी व्हिलेज. दुमजली, साधी, जुनी, आणि गावातला सगळ्यात उत्तम पत्ता असं मी म्हणेन, कारण मैदानावर चिनी, नेपाळी, नायजेरियन, ब्राझिलियन पोरं एकत्र खेळतात आणि तुमची मुलगी तीन महिन्यांत इंग्रजी तिथेच शिकेल. पोस्टडॉकला तिथे जागा मिळते का आणि रांग किती, ते गृहनिवास कार्यालयाला आजच लिहा. खाजगी घर घेतलंत तर दोन बेडरूम हजार-बाराशे डॉलरच्या आसपास सुरू होतं. घरात शिरताना प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. मी काढले नव्हते. पहिल्या घरमालकाने निघताना ओट्यावरच्या हळदीच्या डागासाठी आणि गालिच्यासाठी डिपॉझिटातले जवळजवळ सगळे पैसे कापले. गालिचा आम्ही येण्याआधीपासून तसाच होता, पण पुरावा कुठे होता? हळदीचा डाग मात्र आमचाच होता.

फोडणीचंही एक तंत्र आहे. हिवाळ्यात खिडक्या पाच महिने बंद, मोहरी तडतडली की धुराचा भोंगा आधी वाजतो आणि वास जाकिटात शिरतो. जाकीट कपाटात, कपाट बंद, मग गॅस. बहुतेक घरांत गॅसही नसतो, विजेची शेगडी असते. फुलके थेट जाळावर फुगवायचे तर जाळी आणा.

थंडी. होय, असते. २०१९च्या जानेवारीअखेर ध्रुवीय वारं खाली उतरलं तेव्हा तापमान शून्याखाली वीस फॅरनहाइटच्या आसपास गेलं, म्हणजे आपल्या मापात उणे २९, आणि वाऱ्यामुळे अंगाला त्याहून कितीतरी जास्त बोचत होतं. युनिव्हर्सिटीने वर्ग रद्द केले. इथे हे सहज होत नाही. पण अशी वेळ वर्षातले मोजके दिवस. थंडीची सवय होते, कपडे नीट असले की झालं. बूट आणि जाकीट पुण्याहून आणू नका, इथे घ्या. खरा त्रास अंधाराचा असतो. डिसेंबरमध्ये पावणेपाचला सूर्य मावळतो, आणि घरी एकट्या असलेल्या माणसाला तो मावळताना रोज दिसतो. तुम्ही लॅबमध्ये असाल, तुम्हाला दिसणारही नाही. म्हणून यजमानांना हिवाळ्यात रोज घराबाहेर पडायला एक ठिकाण लागतं. मला सार्वजनिक ग्रंथालयाने वाचवलं. तिथे मुलांच्या गोष्टींचे तास असतात, इंग्रजी गप्पांचे गट असतात, आणि काचेतून उजेड येतो. दुसरं ठिकाण पोहण्याचा तलाव. तिसरं, खरं सांगायचं तर, वॉलमार्ट.

बर्फात चालताना पेंग्विनसारखं, पाय जवळ ठेवून चालायचं. रस्त्यावरचं काळं पारदर्शक बर्फ दिसत नाही. पहिल्या हिवाळ्यात प्रत्येक जण एकदा तरी आपटतो. दारासमोरचा फूटपाथ साफ करणं घरात राहणाऱ्याचं काम आहे की मालकाचं, ते करारात वाचा. आणि ठरावीक रस्त्यांवर बर्फ पडल्यावर गाडी उभी ठेवली तर ती ओढून नेतात.

उन्हाळ्याचे धक्के वेगळे. ऑगस्ट २०१० मध्ये पूर आला, साउथ डफ अव्हेन्यू पाण्याखाली गेला, पाण्याची मुख्य वाहिनी फुटली आणि अमेरिकेत येऊन आम्ही पाणी उकळून प्यायलो. १० ऑगस्ट २०२० ला 'डेरेचो' आलं. सरळ रेषेत धावणारं वादळ, काही मिनिटांत आख्ख्या पट्ट्यातला उभा मका आडवा. आमच्याकडे वीज तीन दिवस नव्हती, आणि आमच्या बाजूच्या प्रयोगाचा सगळा हंगाम गेला. भाड्याचं घर बघताना तळघर आहे का, आणि सखल भागात आहे का, हे दोन्ही विचारा. वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की तळघर. महिन्यातून एकदा तो चाचणीसाठी वाजतो, तेव्हा घाबरू नका. मी पहिल्या वेळी मुलाला उचलून बाथटबमध्ये बसलो होतो.

गाडी लागते का? गावात राहिलात तर पहिलं वर्ष तिच्याशिवाय निघतं. सायराइड नावाची बससेवा १९७६ पासून आहे, मार्गांना रंगांची नावं आहेत, आणि एवढ्या लहान गावाच्या मानाने ती फारच चांगली चालते. निळी बस वॉलमार्टकडे नेते. पण रविवारी आणि सुट्टीत बस विरळ होतात, आणि जानेवारीत चार वर्षांच्या मुलीला घेऊन थांब्यावर वीस मिनिटं उभं राहून बघा, दुसऱ्याच दिवशी गाड्यांच्या जाहिराती उघडाल. गाडी डिसेंबर किंवा मेमध्ये पदवी घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून घ्या, मेकॅनिकला शंभर डॉलर देऊन तपासून. डिकीत फावडं, घोंगडी आणि थोडी वाळू ठेवायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. एक दिसलं की मागे दुसरं असतंच.

देवळाला जायलाही गाडीच. इथलं हिंदू मंदिर मॅड्रिड नावाच्या खेड्यात आहे, एम्स आणि डे मॉइनच्या मधोमध, शेतांमध्ये. उच्चार स्पेनसारखा केलात तर कुणाला कळणार नाही. इथे पहिल्या अक्षरावर जोर देतात. आपल्या जिल्ह्याचं ठाणं नेव्हाडा, तेही 'नेवेडा' म्हणायचं. मंदिरात दिवाळी-पाडव्याला दीडशे मैलांवरून माणसं येतात आणि मराठी कुटुंबं बहुतेक तिथेच एकमेकांना सापडतात. एम्समध्ये आम्ही दहा-पंधरा घरं, तीही पोस्टडॉक संपला की बदलणारी. हा लहान गावाचा दुखरा भाग आहे. ज्यांच्याशी घट्ट ओळख होते ते दोन-तीन वर्षांत ट्रक भाड्याने घेऊन टेक्सासला जातात. माझ्या मुलाचे बालवाडीतले पाच जवळचे मित्र तिसरीपर्यंत चार वेगवेगळ्या राज्यांत आणि एक सोलला होता.

म्हणून स्थानिक लोकांशी ओळख वाढवा. पॉटलकला (प्रत्येकाने एक पदार्थ आणायचं जेवण) बोलावलं तर जा, आणि बटाट्याची भाजी न्या, तिखट कमी. आयोवातली माणसं मनापासून मदत करतात, गाडी खड्ड्यात गेली तर अनोळखी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येईल आणि पैसे घेणार नाही. पण ती तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. तुमच्या प्रयोगाच्या आराखड्याला प्रोफेसर "दॅट्स इंटरेस्टिंग" म्हणाले तर खूश होऊ नका. त्याचा अर्थ पुष्कळदा "पुन्हा विचार करा" असा असतो. आपला रोखठोकपणा इथे भांडण वाटतो. माझ्या बायकोने पहिल्याच लॅब मीटिंगमध्ये "हे आकडे चुकलेत" म्हटलं होतं. आकडे खरंच चुकलेले होते. खोलीत एक मिनिट कुणी बोललं नाही.

मुलीची चिंता करू नका. १५ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण असतील तर किंडरगार्टन, सरकारी आणि फुकट. चार पूर्ण असतील तर राज्याच्या योजनेतून आठवड्याला निदान दहा तासांचं फुकट प्रीस्कूल मिळतं. त्याबाहेरचं पाळणाघर मात्र महाग आणि रांगेचं. जागा पक्की नसली तरी रांगेत नाव भारतातूनच लावा.

कामाबद्दल तुम्ही फारसं विचारलं नाही, पण तुमच्या विषयाला याहून चांगली जागा थोडीच असेल. टार स्पॉट हा मक्याचा रोग अमेरिकेत पहिल्यांदा २०१५ मध्ये इंडियाना आणि इलिनॉयमध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी आयोवात. त्यावरचं काम ताजं आहे. सगळ्यांत सुंदर भाग विस्तार सेवेचा, म्हणजे युनिव्हर्सिटीचं संशोधन शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचा. राज्याच्या ९९ ही जिल्ह्यांत ती पोचलेली आहे, आणि हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या बैठका होतात. टोपी घातलेला साठीतला माणूस, दोन-तीन हजार एकरांचा मालक, मागच्या रांगेतून तुम्हाला तुमच्या प्रबंधातला कच्चा दुवा विचारेल. त्या बैठकांना जायला मिळेल का, हे प्रोफेसरांना विचारा. पण मे ते ऑक्टोबर सुट्टी मागू नका. भारतात लग्नकार्य असेल तर ते डिसेंबरात काढायला सांगा.

या गावाचा कणा शेती हाच आहे. १८६२च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमीन विकून येणाऱ्या पैशावर कॉलेजं उभी करायची ठरलं, आणि ती अट सर्वांत आधी मान्य करणारं राज्य आयोवा. शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९१ मध्ये इथे शिकायला आले, कॉलेजातले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. १८९४ मध्ये बी.एस., १८९६ मध्ये एम.एस., आणि मग टस्कीगीला गेले. मराठी घरात कार्व्हर जितके ओळखीचे आहेत तितके माझ्या इथल्या शेजाऱ्यांना नाहीत. माझे वडील, निवृत्त शाळामास्तर, पहिल्यांदा आले तेव्हा विमानतळावरच म्हणाले, "आधी कार्व्हर शिकला ती जागा दाखव." मी त्यांना कार्व्हर हॉलला नेलं. ती १९६०च्या दशकातली इमारत, आत गणित विभाग. त्यांनी वर-खाली बघितलं आणि म्हणाले, "ही तर जिल्हा परिषद." तरी पायरीला हात लावूनच परतले.

जुलैअखेर सायकलींची यात्रा राज्य ओलांडते, मिसुरी नदीपासून मिसिसिपीपर्यंत, सात दिवस. १९७३ पासून चालू आहे, नाव रॅगब्राय. २०२३ मध्ये मुक्काम एम्सला होता. गावोगावच्या बायका चर्चसमोर पाय विकत असतात (खायचा पाय, सफरचंदाचा), अनोळखी लोकांना अंगणात तंबू ठोकू देतात. माझ्या वडिलांना हे ओळखायला एक मिनिट लागलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "मग पोचल्यावर दर्शन कुणाचं?"

पैशाचं थोडक्यात. पगार एनआयएच या अमेरिकी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पोस्टडॉक श्रेणीशी ताडून बघा. २०२४ची पहिल्या वर्षाची पायरी ६१,००८ डॉलर होती. शेतीच्या विभागात पुष्कळदा त्याहून कमी देतात, पण न्यूयॉर्कच्या मानाने इथे तेवढ्यात संसार होतो. भारत-अमेरिका करारात संशोधकांना दोन वर्षांची कर-सवलत आहे, पण मुक्काम दोन वर्षांवर गेला तर ती मागच्या तारखेपासून परत मागितली जाऊ शकते. तीन वर्षं राहायचं ठरलं असेल तर ते पैसे खर्च करू नका, आणि फॉर्म भरण्याआधी करवाल्याला दाखवा.

आणि ग्रँट. पोस्टडॉकचं पत्र बहुतेक एका वर्षाचं असतं, पुढे 'निधी असल्यास'. २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने कितीतरी संशोधन अनुदानं मध्येच थांबवली; चांगल्या लॅबमधली चांगली माणसं महिनाभराच्या सूचनेवर रिकामी झाली. तुम्ही चार प्रश्न लेखी विचारा: पैसा कुठल्या अनुदानातून, ते कुठल्या महिन्यात संपतं, ते बंद पडलं तर दुसरा आधार आहे का, आणि याआधीचे दोन पोस्टडॉक आज कुठे आहेत. चौथ्याचं उत्तर टाळलं गेलं तर यजमानांची नोकरी सोडू नका. तुम्ही एकट्या सहा महिने या, मग ठरवा.

सगळं जुळलं तर मेच्या तिसऱ्या आठवड्यात या. विद्यार्थी गेलेले असतात, त्यांची रिकामी घरं मे ते जुलै निम्म्या भाड्याने सबलीजवर, म्हणजे पोटभाड्याने, मिळतात, सायकली आणि भांडी फुकट मिळतात, मका वीतभर असतो, दिवस रात्री नऊपर्यंत असतो. यजमानांना कार्डाची वाट बघायला उजेडाचे तीन महिने मिळतात. १ ऑगस्टला नव्या करारावर घर बदला. सामानात पोळपाट-लाटणं, फुलक्यांची जाळी, मुलीचे लसीकरणाचे मूळ कागद, आणि तुमचा कुकर आणत असाल तर त्याच्याच मापाच्या दोन जादा रबरी रिंगा. तिसरी मी देईन, पण माझा कुकर पाच लिटरचा आहे.